कंडक्टर मेश्राम एक्स्पायर

“मी एक शब्द खोटा बोलली नाही,” रत्नाबाई म्हणाल्या. “कंडक्टर मेश्राम एक्स्पायर झाले का नाही झाले? तूच सांग.”

“झाले, आई. पण ते बाबा. तेही कधीच. नागपूरला,” त्यांची सून अपर्णा म्हणाली.

“मग? त्या पोरीनं कोणता कंडक्टर म्हणून विचारलं नाही. मी काहून सांगू?”

“आणि तिला हार्ट म्हणून काय सांगितलंत?”

“हार्टनंच गेले नं ते? का किडनीनं गेले?”

ओट्यावर राइस कुकर आणि मिक्सर यांच्या मधोमध पांढऱ्या लिलीचा भलामोठा गुच्छ उभा होता. त्याच्या वासानं फोडणीसुद्धा हरली होती. अर्ध्या तासापूर्वी बेल वाजली तेव्हा अपर्णाने स्वतः दार उघडून तो घेतला होता. आणणारा माणूस खाली मान घालून “सॉरी फॉर युअर लॉस” म्हणाला. तिने सवयीनं “थँक यू” म्हटलं, सही केली आणि मग कार्ड वाचलं. ‘अपर्णा मेश्राम यांच्या कुटुंबीयांस. सदैव तयार असलेल्या आमच्या अपर्णाच्या स्मरणार्थ.’ खाली ऑपेरा कंपनीचं नाव होतं.

स्वतःच्या मरणाची पोच स्वतः सही करून घेणारी न्यू जर्सीच्या आयसेलिन परिसरातली ती बहुधा पहिलीच बाई असावी.

झालं होतं ते असं. शनिवारी दुपारी अपर्णा ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेली आणि फोन चार्जिंगला लावलेला तसाच ओट्यावर राहिला. तो वाजला. घरात रत्नाबाईंशिवाय कोणी नव्हतं. सुनेचा फोन त्या एरवी उचलत नसत, पण हा थांबेचना. पलीकडून एक गोड आवाज आला, “मे आय स्पीक टु कंडक्टर मेश्राम?”

रत्नाबाईंचं काळीज हललं. त्यांचे यजमान लहू मेश्राम एसटीत कंडक्टर होते, नागपूर ते चंद्रपूर, नागपूर ते भंडारा. जन्मभर वस्तीत त्यांना कोणी लहू म्हटलं नाही, कंडक्टरसाहेबच म्हटलं. आज या परक्या मुलखात त्यांना हुद्द्यानिशी विचारणारं कोणी निघालं.

“मले वाटलं, एसटीतलंच कोणी अमेरिकेत आलं असंल,” त्यांनी आता तिसऱ्यांदा सांगितलं.

तर त्यांनी उत्तर दिलं, “कंडक्टर मेश्राम एक्स्पायर्ड.”

आपल्याकडे माणसं एक्स्पायर होतात. अमेरिकेत दूध होतं, दही होतं, व्हिसा तर फारच होतो. माणसं होत नाहीत. पलीकडची केल्सी कंपनीत नवी होती. ती गोंधळली. एक्स्पायर्ड म्हणजे कॉन्ट्रॅक्ट का, असं तिने विचारलं.

“नो कॉन्ट्रॅक्ट,” रत्नाबाई ठणकावून म्हणाल्या. “परमनंट!” नवऱ्याला कोणी रोजंदारीवरचा समजलेलं त्यांना खपत नसे. मग त्यांनी मोजक्या इंग्रजीत सगळं नीट समजावलं. हार्ट. मॉर्निंग. टी टाइम. कप इन हँड. केल्सी रडायलाच लागली, तेव्हा तिची समजूतही घातली, “गुड पर्सन. व्हेरी सिन्सिअर. नेव्हर टुक लीव्ह.”

आणि यातलं एकेक अक्षर अपर्णालाही चपखल लागू पडत होतं, हीच तर पंचाईत होती.

“आजी,” सोफ्यावर आडवी पडलेली रुही फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “यू लिटरली किल्ड मॉम.”

“ओके ओके, कोणी कोणाला ब्लेम नाही करायचं,” अपर्णाचा नवरा बुद्धभूषण म्हणाला. तो हेडफोन गळ्यात अडकवून आतल्या खोलीतून आला होता. रविवार असला तरी त्याच्या कंपनीत काहीतरी बंद पडलं होतं. “आधी रूट कॉज बघू. रूट कॉज असं दिसतं, की फोन घरी राहिला.”

“म्हणजे माझी चूक.”

“चूक म्हणत नाही मी. रूट कॉज म्हणतोय.”

आपण मेलो तरी त्यात चूक आपलीच निघणार, हे अपर्णाला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

लिलीचं आणि केल्सीचं एक वेळ सोडा, पण तो फोन कशासाठी आला होता हे तिला कंपनीच्या शनिवारच्या मेलमधून आता कळलं होतं, आणि तिथेच तिचा जीव अडकला होता. कंपनीच्या वाद्यवृंदाचे मुख्य कंडक्टर मिस्टर हॅल्पर्न शनिवारी सकाळी पिकलबॉल खेळताना पडले आणि त्यांचा खांदा निखळला. शुक्रवारी ऑपेराचा पहिला खेळ. वादकांपुढे उभं राहून काठी धरायला माणूस हवा. तो माणूस अपर्णा असायचा होता.

या एका फोनसाठी ती किती वर्षं थांबली होती, ते तिलाच ठाऊक.

तिच्या संगीताची सुरुवात झाली नागपुरात, इंदोऱ्याला, मामाच्या भीमगीतांच्या पार्टीत. तिथे ती पेटी वाजवायची. दोन्ही हात पेटीत अडकलेले, त्यामुळे कोरसला कधी उचलायचं आणि कधी गप्प बसायचं हे ती हनुवटीनं सांगे. ढोलकीवाला मामाचं ऐकत नसे, पण अपर्णाची हनुवटी वर गेली की बरोबर थापेला यायचा. लग्न होऊन जर्सी सिटीच्या उंच इमारतीत आली तेव्हा बुद्धभूषण सकाळी ट्रेननं मॅनहॅटनला जायचा आणि ती खिडकीतून खालची माणसं बघत बसायची. तिच्या व्हिसावर नोकरीला बंदी होती. फुकट वाजवायला मात्र कोणाची बंदी नव्हती. कोपऱ्यावरच्या चर्चमधली पियानो वाजवणारी बाई फ्लोरिडाला निघून गेली, हे तिला लाँड्रीत कळलं आणि कपडे तसेच मशीनमध्ये ठेवून ती तिथे जाऊन उभी राहिली. इंग्रजी स्वरलिपी तिला वाचता येत नव्हती. एकदा ऐकलं की वाजवता येत होतं. तेवढ्यावर तिने वर्षभर निभावलं आणि चोरून लायब्ररीतल्या पुस्तकांवरून वाचायला शिकली.

मग कॉलेज झालं. तिथल्या प्रोफेसरांनी तिला काठी धरायला शिकवली आणि हनुवटी हलवायची बंद कर म्हणून एक अख्खं सेमिस्टर तिच्या हनुवटीखाली पेन्सिल धरायला लावली. ग्रीन कार्ड आलं, तशी ती एका हायस्कुलात संगीताची शिक्षिका झाली. वयात आलेल्या, आवाज फुटलेल्या पोरांकडून चार स्वरांत गाऊन घेणं म्हणजे काय असतं, हे ज्याने घेतलंय त्यालाच कळेल.

ती कंडक्टर झाली हे नागपूरला कळवलं तेव्हा लहू मेश्रामांनी पहिला प्रश्न विचारला होता, “रूट कोणता दिला?”

त्यांना समजावून सांगता सांगता बुद्धभूषण थकला. शेवटी त्याने शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. सासऱ्यांनी तो चष्मा पुसून दोनदा बघितला आणि निकाल दिला, “सगळे बसले आहेत, ही एकटीच उभी आहे. कंडक्टरच आहे.” त्या दिवसापासून सून त्यांच्या खात्यातली झाली.

ऑपेरा कंपनीचं मात्र निराळं होतं. कंपनी लहान, जुन्या सिनेमागृहात खेळ करणारी, पण वाद्यवृंद खरा आणि गाणारेही खरे. तिथे अपर्णा ‘कव्हर’ होती. मुख्य कंडक्टर आजारी पडला तर उभं राहायचं, तोपर्यंत सगळा ऑपेरा पाठ करून, काळे कपडे घालून, मागच्या खोलीत बसून राहायचं. मिस्टर हॅल्पर्न ऐंशीच्या घरातले, पण आजारी म्हणून पडत नसत. एका हिवाळ्यात त्यांना असा खोकला झाला की आता आपली पाळी आलीच असं तिला वाटलं. पण स्वभाव जाईना. तिनेच थर्मासमधून हळद घातलेलं दूध नेऊन दिलं आणि ते ठणठणीत बरे झाले. त्या दिवशी घरी येऊन तिने स्वतःवरचा राग भांड्यांवर काढला होता.

आणि आता, खांदा निखळला तेव्हा, ती मेली होती.

तिने कंपनीच्या संचालिका मिसेस डॉब्सन यांना फोन लावला. रविवार. उचलला नाही. निरोप ठेवायची शिटी वाजली आणि अपर्णाला सुचेना की अशा वेळी रीतसर काय म्हणतात.

“हाय. अपर्णा बोलतेय,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी मेलेली नाही. थोडा गैरसमज झाला. फुलं छान आहेत. फोन करा.”

“‘फुलं छान आहेत’ कशाला म्हणालीस?” बुद्धभूषण म्हणाला.

“मग काय, परत न्या म्हणू?”

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. “मी उघडणार नाही,” अपर्णा म्हणाली. “आता शवपेटी आली असेल.” बुद्धभूषण गेला. ती स्वयंपाकघरातच थांबली, पण दार तिथून चार पावलांवर होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

दारात ट्रेव्हर होता. काळा सूट, लाल डोळे, हातात दुःखाच्या घरी न्यायचं जेवण म्हणून फॉइल लावलेला लझान्याचा ट्रे. ट्रेव्हर तिचा विद्यार्थी. हायस्कुलात चार वर्षं तिच्याकडे गायला, शिकला, पुढे संगीताचं कॉलेज करून आला. ऑपेरा कंपनीत तालमींना पियानो वाजवायचं काम त्याला तिनेच लावून दिलं होतं.

बुद्धभूषण काही सांगणार तोच ट्रेव्हरने ट्रे चपलांच्या स्टँडवर ठेवून त्याला मिठी मारली. बुद्धभूषणला मिठीची सवय नव्हती. तो खांबासारखा उभा राहिला आणि म्हणाला, “थँक यू.”

“आज मी जो कोणी आहे तो मिसेस मेश्राम यांच्यामुळे,” ट्रेव्हर हुंदके देत म्हणाला. “त्या कधी रागावल्या नाहीत. कधी पुढे पुढे केलं नाही. इतकी वर्षं आमच्यासाठी तयार बसल्या होत्या, आणि एकदासुद्धा त्यांची गरज पडली नाही!”

आत अपर्णाच्या हातातला झारा थांबला. पोरगं मनापासून बोलत होतं, हेच वाईट होतं.

“शुक्रवारचा खेळ मला दिलाय,” ट्रेव्हर नाक पुसत पुढे म्हणाला. “तो मी त्यांच्या स्मरणार्थ करणार आहे. एक विनंती होती. आत्ताच बोलणं बरं नाही, मला कळतं... पण त्यांचा तो स्वरलिपीचा स्कोअर... सगळ्या खुणा केलेला... तो मिळाला असता तर...”

बुद्धभूषणने क्षणभर विचार केला आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाला, “मी तिला विचारून सांगतो.”

ट्रेव्हरने त्याच्याकडे अशा करुणेनं पाहिलं की विचारू नका. बिचाऱ्याने बायकोचं जाणं अजून स्वीकारलेलं नाही, असं त्याला वाटलं. त्याने बुद्धभूषणच्या खांद्यावर हात ठेवला. “जरूर विचारा,” तो हलकेच म्हणाला. “मीही माझ्या आजीशी अजून बोलतो.”

“स्कोअर मिळणार नाही,” अपर्णा झारा घेऊनच बाहेर आली.

ट्रेव्हर मटकन खाली बसला तो चपलांच्या स्टँडवर, म्हणजे लझान्यावर.

पुढची काही मिनिटं त्याला पाणी देण्यात, पँट पुसण्यात आणि एक्स्पायर शब्दाचा अर्थ समजावण्यात गेली. बुद्धभूषण त्यात ‘कम्युनिकेशन गॅप’ असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. रत्नाबाईंनी ट्रेव्हरला टेबलाशी बसवलं, त्याच्यासमोर चिवड्याची बशी सरकवली आणि आल्याचा चहा टाकला. आपल्यामुळे घाबरलेल्या पोराला उपाशी जाऊ देणं त्यांना जमणारं नव्हतं. ट्रेव्हर एकदा रडायचा, एकदा हसायचा, मध्येच अपर्णाच्या हाताला बोट लावून बघायचा.

“मिसेस मेश्राम, मला इतका आनंद झालाय!” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा थोडा पडला. “फक्त... माझे आईबाबा शुक्रवारसाठी ओहायोहून येतायत. मिसेस डॉब्सननी सगळ्यांना कळवलंही आहे.” आणि एकदम त्याचे डोळे चमकले. “पण हे किती छान झालं! तुम्ही माझ्या कव्हर व्हा ना! तुम्ही मागे बसलेल्या आहात म्हटल्यावर मला कसलीच भीती नाही.”

अपर्णाच्या तोंडात ‘ऑफ कोर्स’ तयारच होतं. त्यातलं ‘ऑफ’ बाहेर आलंसुद्धा.

“कव्हर म्हंजे काय वं?” रत्नाबाईंनी विचारलं. ‘उशीचं असते तसं?’ असा त्यांचा भाव होता.

“लाइक अ स्पेअर टायर, आजी,” रुही म्हणाली.

“स्टेपनी?”

“आई, तो शब्द नको,” बुद्धभूषण घाईनं म्हणाला.

“काहून नको? एसटीत स्टेपनीले स्टेपनीच म्हणतात.” रत्नाबाई चहाचं गाळणं हातात धरून सुनेकडे वळल्या. “म्हंजे तू इतके वर्षं स्टेपनी होती? आम्ही नागपुरात सांगतो सून कंडक्टर आहे, अन् तू मागं डिकीत?”

“आई, तसं नसतं ते. त्यालाही फार मान असतो.”

“असंल नं मान. दिसते नं,” रत्नाबाईंनी लिलीकडे बोट केलं. “सदैव तयार. स्टेपनीच्या मयतीवर याच्याहून जास्त काय लिहितील? अन् आता हे कालचं पोरगं म्हणते, माझीही स्टेपनी हो. याले तूच शिकवलं नं?”

ट्रेव्हरला मराठी कळत नव्हतं. आपल्याबद्दल चाललंय एवढं कळलं, म्हणून तो चिवडा तोंडात घेऊन गोड हसला.

अपर्णा उठून ओट्याशी गेली, लिलीचा गुच्छ उचलला आणि मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवला. फोडणीचा वास परत घरात आला. तेव्हाच फोन वाजला. यावेळी तो तिच्या खिशात होता.

मिसेस डॉब्सन आधी किंचाळल्या, मग देवाचे आभार मानले, मग केल्सीच्या वतीनं माफी मागितली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की, परिस्थिती जरा नाजूक आहे, नाव जाहीर झालंय, तेव्हा या वेळी ट्रेव्हरला करू दे आणि अपर्णाने नेहमीसारखं... “यू आर सच अ रॉक, अपर्णा,” त्या म्हणाल्या.

“ट्रेव्हर इथेच बसलाय,” अपर्णा म्हणाली. “त्याला एकच प्रश्न विचारा. तिसरा अंक कसा बसलाय?” आणि तिने फोन स्पीकरवर करून टेबलावर, चिवड्याच्या बशीशेजारी ठेवला.

या ऑपेराचा तिसरा अंक म्हणजे दगडालाही घाम फोडेल असा होता. नायिका विष पिते आणि पुढचा अर्धा तास गात गात मरते. कुठे थांबते, कुठे श्वास घेते, कुठे एकदम उसळते, याचा नेम नाही. साठ वादकांनी तिच्या श्वासावर चालायचं. अपर्णा घरी रियाज करताना रत्नाबाईंनी एकदा तो ऐकला होता. “इतका वेळ मरते ही बाई? आमच्या ह्यांचा तर चहाही पुरा झाला नाही,” म्हणाल्या होत्या.

“ट्रेव्हर?” फोनमधून आवाज आला. “तिसरा अंक?”

ट्रेव्हरने चिवडा गिळला. दुसरं कोणी असतं तर सहज थाप मारून गेलं असतं. पण ज्या बाईनं त्याला चार वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, की जे बसवलं नाही ते बसवलं म्हणून सांगायचं नाही, ती बाई समोर झारा घेऊन उभी होती.

“दुसरा अंक खूप छान बसलाय,” तो म्हणाला.

“मी तिसऱ्याचं विचारलं.”

“तिसऱ्याचा स्कोअर न्यायलाच मी इथे आलो होतो.”

बुद्धभूषणच्या गळ्यातल्या हेडफोनमधून कोणीतरी त्याला हाका मारत होतं. त्याने कधी नव्हे तो हेडफोन बंद केला.

“अपर्णा,” मिसेस डॉब्सन शेवटी म्हणाल्या, “आज पाचला तालीम आहे. येशील?”

“कव्हर म्हणून?”

रत्नाबाई गाळणं हातात धरून फोनकडे बघत होत्या. त्यातून चहा टेबलावर ठिबकत होता, पण त्यांना भान नव्हतं.

“नाही. कंडक्टर म्हणून.”

“येते,” अपर्णा म्हणाली. “पुढच्या रविवारचा दुसरा खेळ मात्र ट्रेव्हर करेल. तोवर तिसरा अंक मी त्याच्याकडून बसवून घेते. त्याच्या आईवडिलांना तिकिटं बदलायला सांगा.” आणि तिने फोन बंद केला.

ट्रेव्हर सुटकेचा श्वास टाकून पुन्हा चिवड्याकडे वळला. रुहीने फोनमधून मान वर काढली होती. रत्नाबाई म्हणाल्या, “पण इतक्या लोकांकडे पाठ करून उभं राहाचं? बरं दिसंल का?” आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, “राहू दे. साडी नवी नेस. पाठच दिसणार आहे, तर ब्लाउज चांगलं पाहिजे.”

बुद्धभूषण घसा खाकरत म्हणाला, “ग्रेट न्यूज. खरंच ग्रेट. फक्त शुक्रवार... म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी भीमजयंतीच्या कमिटीची मीटिंग आपल्याकडे आहे ना. मी सगळ्यांना जेवायला बोलवून बसलोय यार. तू नेहमी करतेस म्हणून मी...”

अपर्णाने गॅस बंद केला, झारा त्याच्या हातात दिला आणि आतून गाडीची किल्ली घेऊन आली.

“शुक्रवारचा खेळ मी करतेय,” ती म्हणाली. “मीटिंग कॅन्सल कर, नाहीतर जेवण तू कर. शुक्रवारपर्यंत घरात मी स्वयंपाक करणार नाही.”